बनाक्कांचा गुडघा आणि कंदिलाची फेरी

“आयाऽऽऽ! मेले गं आयाऽऽऽ!”

मी सोडला.

पाय पुन्हा गादीवर सरळ झाला. शेजारच्या अंगणातलं कुत्रं भुंकायला लागलं. स्वयंपाकघरातून सूनबाई रेश्मा पिठाच्या हातानंच पळत आली. मी आपला गोनिओमीटर रुमालानं पुसल्यासारखं केलं. त्यावर पुसण्यासारखं काहीच नव्हतं. बासष्ट. काल बासष्ट, परवा बासष्ट. त्याच्या आदल्या दिवशी एकसष्ट होतं, पण तो एक अंश बहुतेक माझ्या चष्म्याचा असावा.

गोनिओमीटर म्हणजे कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब हात फुटले तर जे दिसेल ते. एक हात मांडीच्या रेषेत धरायचा, दुसरा नडगीच्या. पाय सरळ असेल तर शून्य. खुर्चीत पाय खाली सोडून नीट बसलं की नव्वद. एसटीची पायरी चढायची, जिना उतरायचा, कमोडवरून स्वतःचं स्वतः उठायचं, तर गुडघा नव्वदपर्यंत तरी वाकला पाहिजे. बासष्टमध्ये माणूस नुसता पलंगावर टेकू शकतो, तेही पाय बंदुकीसारखा पुढे रोखून.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. विट्यात माझं क्लिनिक आहे. पाटीवर पदवी आहे, तरी निम्मं गाव मला व्यायामाचा डॉक्टर म्हणतं आणि उरलेलं निम्मं मालिशवाला समजतं. पंचवीस वर्षांत मी दोन्ही मान्य केलं आहे.

बनाक्का माझ्या होम व्हिजिटच्या पेशंट. वय अडुसष्ट. माहेर-सासर दोन्ही माणदेशातलं, धनगर घरातलं. लग्न झाल्यापासून तीस-बत्तीस वर्षं नवऱ्याबरोबर मेंढरांमागं चालल्या. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, पावसाच्या तोंडावर परत माळावर जायचं. तेवढ्या चालण्यात गुडघ्याची वाटी-गादी सगळं झिजून गेलं. आता त्या विट्यात मुलाकडे राहतात. मुलगा बापू प्राथमिक शिक्षक, म्हणून सगळे त्याला बापू गुरुजी म्हणतात. मिरजेला त्यांचा डावा गुडघा बदलला, टाके निघाले, सगळं छान झालं. फक्त गुडघा वाकेना.

ऑपरेशनला साडेतीन आठवडे झाले होते. मिरजेच्या सरांनी, म्हणजे सर्जननी, फोनवर मला स्वच्छ सांगितलं होतं. “सहा आठवड्यांना मी बघणार. नाइन्टी नसेल तर मॅनिप्युलेशन.”

मॅनिप्युलेशन म्हणजे पेशंटला पुन्हा थिएटरमध्ये घ्यायचं, भूल द्यायची आणि आत जमलेले चिकटे मोडत गुडघा जोर लावून वाकवायचा. तरुण माणसाला ते चालून जातं. बनाक्कांना ब्लडप्रेशर होतं, पहिल्या भुलीतून बाहेर यायलाच त्यांनी सगळ्यांचा जीव टांगणीला लावला होता. बापू गुरुजी मला दारापर्यंत सोडायला यायचे आणि रोज एकच वाक्य म्हणायचे.

“डॉक्टर, आईला परत आत न्यायला लागू नये एवढं बघा.”

मी “बघतो की” म्हणायचो आणि गाडीला किक मारायचो. बघत तर होतोच. बासष्ट बघत होतो.

सगळे उपाय करून झाले होते. शेक, बर्फ, टाचेखाली पावडर टाकून गुळगुळीत पाटावर टाच मागं सरकवणं, पलंगाच्या कडेला पाय सोडून झुलवणं. त्यानंतर मुख्य काम यायचं. मी पाय धरून हळूहळू वाकवायचो आणि जिथं अडेल तिथं धरून ठेवायचो. पुस्तकात लिहिलंय की तीस सेकंद धरा. बनाक्का चौथ्या-पाचव्या सेकंदाला अशी आरोळी ठोकायच्या की माझे हात आपोआप सुटायचे. एकदा तर समोरच्या घरातले निवृत्त फौजदार काठी घेऊन आले होते.

आता इथं मला एक कबुली द्यायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

मी डेटिंग शो बघतो.

आमची मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हा तिनं माझ्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं, बाबा जुने सिनेमे बघतील म्हणून. बाबांनी एक जुना सिनेमा लावला, तो संपायच्या आत खाली कोपऱ्यात एक चौकट आली. समुद्रकाठचा बंगला, सहा पोरं, सहा पोरी. त्यांनी तिथं राहायचं, एकमेकांना ओळखायचं, प्रेमात पडायचं, भांडायचं. आणि दर शुक्रवारी कंदिलाची फेरी. एका आठवड्याला पोरींच्या हातात कंदील, पुढच्या आठवड्याला पोरांच्या. ज्याला जो आवडतो त्याच्यापुढं कंदील ठेवायचा. ज्याच्यापुढं अंधार, त्यानं बॅग उचलायची. मी म्हटलं, काय हा पोरखेळ. पाच मिनिटं बघू आणि बंद करू. तीन भाग झाल्यावर मोबाईलनंच मला विचारलं, तुम्ही अजून बघताय का? इतक्या काळजीनं मला घरात कुणी विचारत नाही.

माझ्या क्लिनिकमध्ये शेकाच्या मशीनचा टायमर पंधरा मिनिटांचा आहे. पेशंट पडद्याच्या आत झोपलेला, मी पडद्याच्या बाहेर. तीन पेशंटमध्ये एक भाग व्हायचा. बायको, विद्या, एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. ती पाहुण्यांना कौतुकानं सांगायची, “ह्यांचं बघा, ह्या वयात सुद्धा कानात ते घालून वेबिनार ऐकत असतात.” मी खाली मान घालून चहा प्यायचो. बावन्नाव्या वर्षी माणसानं लपवावं असं काहीतरी असावं, पण ते एवढं हलकं असेल असं मला वाटलं नव्हतं.

तर त्या गुरुवारी दुपारी आमच्या भागातली वीज गेली. मशीन बंद, क्लिनिक रिकामं. म्हटलं, पाचला जायचं ते तीनलाच बनाक्कांकडे जाऊन यावं.

दार उघडंच होतं. रेश्मा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मी चप्पल काढली आणि आतून एक धून ऐकू आली. ती धून मी भुलीच्या अंमलाखाली सुद्धा ओळखली असती. मी खोलीत पाऊल टाकलं तेवढ्यात पलंगावरच्या बनाक्कांनी रिमोट दाबला. पडद्यावर फेटा बांधलेले एक कीर्तनकार आले.

“या डाक्तर. आज लौकर? कीर्तन ऐकत हुते.”

“ऐका की,” मी म्हणालो. बॅग ठेवली, हात धुतले. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, “उद्या कंदिलाची फेरी ना? तो उंच पोरगा राहील का जाईल?”

कीर्तनकार काहीतरी सांगत होते. बनाक्कांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, बाजारात मेंढरू विकत घेताना बघतात तसं.

“तुमी बी बगता व्हय?”

“कधीतरी. म्हणजे... रोज.”

“आवं मग उबं काय ऱ्हायलाय, बसा की! सुरवात झालीया नुसती!” त्यांनी कीर्तन घालवलं आणि बंगला परत आणला. “बापूला सांगू नगा. त्यो पोरांच्या आईबापास्नी मोबाईल-टीव्हीवर भाषन देतोय. त्याची आई ही असली उघडी-नागडी पोरं बगती म्हनल्यावर तोंड कुटं दाखवंल त्यो?”

“तुम्ही माझ्या बायकोला सांगू नका.”

“म्या कशाला सांगू? मला काय मिळनार?”

करार झाला. टीव्हीवर रोज तीन वाजता त्या दिवशीचा भाग दाखवत होते. मी दुसऱ्या दिवसापासून होम व्हिजिट तीनला केली. क्लिनिकच्या दारावर कागद लावला: वैद्यकीय कारणास्तव दुपारी बंद.

बनाक्का त्या पोरांची खरी नावं घेत नसत. ती त्यांच्या जिभेला वळतही नव्हती. त्यांनी आपली नावं ठेवली होती. सदा शर्टाशिवाय फिरणारा तो उघडा. मानेपर्यंत केस वाढवलेला तो केसाळ्या. मग रडकी, चष्मेवाली, आणि एक सारखी पाण्यात पोहणारी होती ती म्हस.

“ह्यो उघडा कामाचा न्हाई,” पहिल्याच दिवशी त्यांनी मला समजावलं. “कळपात असा एक असतोय. पान्यावर सगळ्यांच्या म्होरं, चढाला सगळ्यांच्या मागं.”

“पण बोलतो चांगला.”

“तोंड कशाला बगता? पाय बगा पाय. रडकी बोलाय लागली की त्याचा एक पाय दाराकडं वळतोय. मेंढराचं दुखनं कळाय आमी तोंड बगत न्हवतो, पाय बगायचो.”

मला गंमत वाटली. माणूस चालत आत येतो तेव्हा आम्हीही तोंड बघत नाही, पायच बघतो. कुठं भार टाकतो, कुठं चोरतो. पंचवीस वर्षं मी ते पैसे घेऊन करत होतो. ह्या बाईंनी ते उन्हातान्हात, फुकट, चार पायांच्या पेशंटवर केलं होतं. मी पडद्यावरचे पाय बघितले. उघड्याचा पाय खरंच दाराकडं होता.

आता शुक्रवार. मी बनाक्कांना खुर्चीत बसवलं, स्वतः खाली बुटक्या स्टुलावर बसलो, त्यांचा घोटा हातात धरला आणि पाय खुर्चीखाली रेटायला सुरुवात केली. डोळे दोघांचेही टीव्हीवर. पोरी कंदील घेऊन निघाल्या होत्या. मी मनात मोजत होतो. एक, दोन, तीन, चार...

“आयाऽऽऽ! आगं आयाऽऽऽ!”

मी सोडला. हात सवयीनंच सुटले. शेजारचं कुत्रंही सवयीनंच भुंकलं.

बनाक्कांनी खाली बघितलं. “पाय का सोडला वो?”

“ओरडलात ना.”

“तुमच्यावर कुटं वरडले? ती चष्मेवाली बगा की! त्या उघड्याम्होरं चाललीया कंदील घिऊन. अक्कल हाय का तिला?”

मी स्टुलावर बसून राहिलो. पडद्यावर चष्मेवालीनं खरोखरच उघड्यापुढं कंदील ठेवला होता, पण माझं तिकडं लक्ष नव्हतं. मला त्या दोन आरोळ्यांत फरक सापडत नव्हता. गेले पंधरा दिवस मी ज्या आवाजाला घाबरून पाय सोडत होतो, तो हाच. हीच पट्टी, हाच जोर.

रेश्मा पाणी घेऊन दारात आली होती. मी तिलाच विचारलं. “ह्या नेहमी अशाच ओरडतात?”

“आवं, आत्या भाजीवाल्यालाबी अशाच हाका मारत्यात,” ती म्हणाली. “परवा मला म्हनल्या, मीठ आन. तर चौकातला दुकानदार मीठ घिऊन दारात.”

“मग त्या दिवशी तू पिठाच्या हातानं पळत आलीस ती?”

“मला वाटलं दूध उतू गेलंय म्हनून वरडत्यात.”

बनाक्कांना ह्यात विशेष काही वाटलं नाही. “ह्या माळावनं त्या माळाव हाक जाया पायजे. हळू बोलून मेंढरू वळतंय व्हय? माझा दाल्ला म्हनायचा, तुझ्या नरड्यानं लांडगा बी परत जातोय.”

“अक्का, मग मी पाय दाबतो तेव्हा दुखतं का नाही?”

“दुकतंय की. दुकनारच. कापलाय न्हवं?”

“फार?”

त्यांनी जरा विचार केला. मला वाटतं हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, मी सुद्धा. “काटा मोडल्यावानी. चालता चालता काडून टाकायचा.”

आमच्या धंद्यात हाताला कळतं. सांधा वाकवताना शेवटी रबरासारखा ताण लागला तर समजायचं, अजून जागा आहे. दगडासारखं लागलं की थांबायचं. पहिल्या वर्षात हेच शिकवतात. बनाक्कांच्या गुडघ्यात मला रोज रबर लागत होता. पण मी हातांचा माणूस असून कानांवर चालत होतो. गुडघा वाकत नव्हता हे खरं, पण त्याला वाकायला पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ मी दिलाच कुठं होता?

दुसरा कंदील निघाला. मी पाय पुन्हा धरला. “अक्का, आता तुम्ही कितीही ओरडा. खरं दुखलं तर माझ्या डोक्यावर टपली मारा. टपली मारली तरच सोडणार.”

“डाक्तरच्या डोस्क्यावर?”

“मारा.”

आणि मग जे झालं ते मी अभिमानानं सांगत नाही. उरलेल्या कंदिलांपैकी एक केसाळ्याकडे आला, एक परत गेला, म्हस रडली, रडकी हसली. शेवटी दोन पोरं अंधारात उरली आणि एकच कंदील. त्या कार्यक्रमात अशा वेळी उगाच थांबवतात, ढोल वाजवत राहतात, तेच ते चेहरे परत दाखवतात. बनाक्का आरोळ्यांवर आरोळ्या ठोकत होत्या. टपली काही पडत नव्हती. मी पाय धरून तोंड उघडं टाकून बसलो होतो. जाहिरात लागली तेव्हा दोघंही भानावर आलो.

“डाक्तर, पाय सोडा आता. झोपलाय त्यो.”

मी घड्याळ बघितलं. पाय धरून चार मिनिटं झाली होती. सावकाश सोडला, गोनिओमीटर लावला. दोनदा लावला.

चौऱ्याऐंशी.

मी रेश्माला हाक मारून आकडा दाखवला. तिनं मोबाईलवर फोटो काढला. बनाक्का म्हणाल्या, “लय हाय का?” मी म्हणालो, “लय हाय.” त्यांनी खूश होऊन मला गूळ-शेंगदाणे दिले. मी ते गाडीवर खात खात घरी आलो, आणि त्या दिवशी गावातला प्रत्येक स्पीडब्रेकर मला मऊ लागला.

सकाळी साडेसातला बापू गुरुजींचा फोन.

“डॉक्टर, आईचा गुडघा फुगलाय. काल काय केलं तुम्ही?”

दाढी अर्धी तशीच ठेवून मी गाडी काढली.

गुडघा भोपळ्यासारखा झाला होता. बदललेला गुडघा फुगला की आमच्या मनात दोन भुतं उभी राहतात. एक जंतू, दुसरं पोटरीतली रक्ताची गुठळी. मी ताप बघितला, जखम बघितली, पोटरी दाबून बघितली. मग तिथंच उभ्या उभ्या मिरजेच्या सरांना फोन लावला. बापू गुरुजी हाताची घडी घालून समोर उभे. मी स्पीकर चालू केला. लपवलेली एक गोष्टच मला पुरत होती, दुसरी नको होती.

“टेम्परेचर?”

“नॉर्मल, सर.”

“काफ?”

“पोटरी सॉफ्ट आहे सर. जखम कोरडी आहे.”

“मग स्ट्रेचनं आलं असेल. किती वेळ धरलास?”

“चार मिनिटं.”

“चार? कशाला?”

“कंदील होता, सर.”

“काय होता?”

मी सगळं सांगितलं. बंगला, पोरं-पोरी, शुक्रवार. बापू गुरुजींच्या हाताची घडी हळूहळू सुटली.

“म्हणजे तुझं लक्ष नव्हतं,” सर म्हणाले.

“नव्हतं, सर.”

“आणि तिचं?”

“त्यांचंही नव्हतं.”

“वाकला किती?”

“चौऱ्याऐंशी.”

“बासष्टवरून?”

“हो सर.”

“हे बघ. आज बर्फ, पाय उंच, आराम. सूज उतरली की परत सुरू कर. जास्त वेळ हळू ताणायचं हे बरोबरच आहे, पुस्तकात आहे. तुझ्या पुस्तकात नव्हतं का? पण घड्याळ बघून धर, टीव्ही बघून नको.” फोन बंद.

बापू गुरुजी शिक्षकी आवाजात म्हणाले, “म्हणजे आईचा पाय धरून तुम्ही टीव्ही बघत होता.”

“हो.”

“आणि आई, तू मला सांगितलंस कीर्तन बघतीय.”

“कीर्तन बी लागतंय की त्येच्यावर,” बनाक्का म्हणाल्या. “दुसऱ्या बटनावर.”

“डॉक्टर, मला वाटतं आपण दुसरे कुणी बघावेत. राग मानू नका.”

मी राग मानण्याच्या जागेवर नव्हतोच. बॅग उचलायला वाकलो. बंगल्यातल्या पोरांचं काय होत असेल ते मला तेव्हा नीट कळलं. माझ्यापुढं अंधार होता.

“कुटं चालला डाक्तर? बसा खाली!” कुत्रं भुंकलं. “बाप्या, हेच डाक्तर पायजेत मला.”

“आई, अगं गुडघा बघ तुझा.”

“माझा गुडगा मला म्हाईत हाय. फुगला त्यो उतरंल. मेंढराचा पाय फुगला म्हनून काय मेंढरू बदलतो का आपुन? आन् नवा डाक्तर आला म्हंजी त्येला पैल्यापास्नं सांगत बसू का, कोन गेलं, कोन ऱ्हायलं?”

बापू गुरुजी बर्फ आणायला गेले. डी.एड.च्या अभ्यासक्रमात असला प्रश्न नसावा.

घरी येऊन मी जेवायला बसलो, पण भाकरी नुसती कुस्करत राहिलो. विद्यानं दोनदा विचारलं. शेवटी मी तिलाही सांगून टाकलं. वेबिनार नाही, डेटिंग शो. दीड वर्षापासून. तिनं माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं आणि सुस्कारा टाकून म्हणाली, “एवढंच ना? मला वाटलं शेअर मार्केट.” वर आणखी एक भाकरी वाढली.

सूज तिसऱ्या दिवशी उतरली. पुढचे दोन आठवडे मी शहाण्यासारखं काम केलं. स्टुलाशेजारी स्वयंपाकघरातला टायमर ठेवला. एक मिनिटानं सुरुवात, मग दोन, मग तीन. टीव्ही चालूच होता, पण मी टीव्हीकडे पाठ करून बसायचो आणि पडद्यावर काय चाललंय ते बनाक्का मला ओरडून सांगायच्या. खरं सांगायचं तर त्यांचं वर्णन मूळ कार्यक्रमापेक्षा सरस होतं. बापू गुरुजी शाळा सुटल्यावर दारातूनच विचारायचे, “किती?” शहाऐंशी. अठ्ठ्याऐंशी. एक्क्याण्णव. एक्क्याण्णवच्या दिवशी ते आत येऊन बसले आणि पाच मिनिटांनी म्हणाले, “तो शर्ट का घालत नाही?” बनाक्कांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मधूनच प्रश्न विचारणाऱ्याला आमच्यात किंमत नव्हती.

सहा आठवडे झाले. मिरजेला जाताना मीही गाडीत बसलो. क्लिनिकच्या दारावर तोच कागद लावला, ह्या वेळी तो खरा होता. आदल्या दिवशी माझ्या गोनिओमीटरनं सत्त्याण्णव दाखवले होते. मी निर्धास्त होतो, अगदी सरांचं कौतुक ऐकून चेहरा कसा ठेवायचा ह्याचाही थोडा विचार केला होता.

ओपीडीत आधी सरांचे ज्युनिअर डॉक्टर तपासतात. नवीन होते, मऊ हातांचे, सालस. त्यांनी बनाक्कांना टेबलावर झोपवलं, पाय धरला, वाकवायला लागले.

“आयाऽऽऽऽ!”

बाहेरच्या बाकावरची माणसं उभी राहिली. एक बाळ रडायला लागलं. ज्युनिअर डॉक्टरांनी पाय असा सोडला जणू तो तापला होता. त्यांनी घाम पुसला आणि कागदावर लिहिलं: अठ्ठ्याहत्तर, तीव्र वेदना.

मी काही बोलायच्या आत कागद सरांच्या टेबलावर गेला. सरांनी तो वाचला, चष्मा वर केला. “सेव्हंटी एट. पेनफुल. उद्या सकाळी थिएटर घेऊ. भुलीसाठी फिटनेस करून घ्या.”

बापू गुरुजींनी माझ्याकडे बघितलं.

“सर,” मी म्हणालो, “एकदा तुम्ही स्वतः मोजा.”

“त्यानं मोजलंय.”

“त्यांनी आवाज मोजलाय, सर. मी पण पंधरा दिवस तेच केलं. तुम्ही हात लावून बघा.”

सर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, आणि त्यांना असं कुणी सांगत नाही. ते उठले. हळूच पाय धरला. बनाक्कांनी तोंड उघडलं आणि सबंध मिरजेला कळवलं. सरांचे हात क्षणभर थबकले, पण सुटले नाहीत.

“आजी, दुखतंय?”

“दुकतंय की.”

“फार?”

“काटा मोडल्यावानी.”

“मग एवढं ओरडता कशाला?”

“मग काय गप बसू? एवड्या लांबनं आलीया!”

सरांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते पाय रेटत गेले, सावकाश, सावकाश. बनाक्का ओरडत राहिल्या. मधेच त्यांनी ओरडणं थांबवून बापूला “खिडकी लाव, वारं लागतंय,” असं सांगितलं आणि परत ओरडायला लागल्या. सरांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी गोनिओमीटर दिला.

“नाइन्टी एट,” सर म्हणाले. “थिएटर कॅन्सल.” कागदावरचा अठ्ठ्याहत्तर खोडताना त्यांनी ज्युनिअर डॉक्टरांना विचारलं, “तुला हाताला काय लागलं होतं?” ते म्हणाले, “रबरी ताण होता सर. पण त्या...” मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. अशा वेळी आपल्यासारखंच कुणी चुकलं की फार बरं वाटतं.

बापू गुरुजी कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होते. बनाक्का वॉकर बाजूला सारून खुर्चीवर बसल्या, दोन्ही पाय सरळ खाली सोडून. चारचौघांसारख्या. सहा आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचा डावा पाय कुणाच्या वाटेत आला नाही.

बंगल्यातला शेवटचा कंदील पुढच्या आठवड्यात लागला. उघडा जिंकला. बनाक्का दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, जणू तो मीच निवडून दिला होता. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर त्या स्वतःच दार उघडायला आल्या. गुडघा एकशे पाच झाला होता.

ह्या सगळ्यातून मी एक गोष्ट शिकलो आणि ती क्लिनिकमध्ये पाळतो. पेशंट ओरडला की मी लगेच पाय सोडत नाही. आधी विचारतो, दुखतंय का राग आलाय? निम्म्या वेळा राग असतो, आणि त्यातला बराचसा माझ्यावर. त्यावर बर्फ चालत नाही. पण पाय वाकतो.